पेनानं लिहिलेलं एकच नाव

शहरातल्या मोठ्या बसस्टँडवर, नऊ आणि दहा नंबरच्या फलाटांच्या मधोमध काचेची एक खिडकी आहे आणि तिच्यावर पाटी आहे, ‘चौकशी’. त्या पाटीखाली एक बाई चोवीस वर्षं बसली. इतकी बसली, की पाटीवरचं नाव तिलाच चिकटलं. ड्रायव्हर, कंडक्टर, झाडूवाल्या बायका, पेपरवाला, सगळे तिला चौकशीताई म्हणत. खरं नाव पगाराच्या कागदावर होतं, पण तो कागद तिच्याखेरीज वाचणार कोण?

बाई तापट होती. काही माणसांच्या नाकावर राग असतो, तो येतो नि जातो. हिचा राग मुक्कामाला होता. “बस किती वाजता आहे?” असं कुणी विचारलं की ती चष्म्यावरून बघत “कुठली?” एवढंच म्हणायची, पण ते अशा काही सुरात, की माणूस घटकाभर आपलं गावच विसरायचा. समोर हातभर अक्षरांत वेळापत्रक टांगलेलं असताना वेळ विचारणाऱ्यांचा तिला राग. सुटलेल्या बसमागे पोराबाळांना ओढत पळणाऱ्यांचा राग. काचेवर बोटानं टकटक करणाऱ्यांचा तर एवढा, की तिनं स्वतः कागदावर लिहून काचेला लावलं होतं : ‘मी बहिरी नाही.’

एकाच प्रश्नाला ती कधी चिडली नाही. “ताई, इथं जेवायला चांगलं कुठं मिळेल?” असं कुणी विचारलं, की बाई खुर्ची पुढे ओढायची, चष्मा काढून टेबलावर ठेवायची आणि उलट तीन प्रश्न टाकायची. शेवटचं कधी जेवलात? सोबत कोण आहे? आणि परत कुठली बस धरायची आहे? माणूस चक्रावायचा. जेवणाचं विचारलं तर ही पोलिसासारखी जबानी घेते! पण उत्तरं मिळाल्यावर जे सांगायची ते असं असायचं, की ऐकणारा निम्मा तिथंच जेवल्यासारखा व्हायचा.

“सोबत तान्हं आहे ना? मग रस्ता ओलांडू नका. तिकीटघराच्या मागे दूधवाल्या बाईचं दुकान आहे. बाटली नुसती पुढे करा, ती कोमट करून देईल. बसायला पाठ भिंतीला लावून जागा आहे, पाजायचं असेल तर कुणी बघणार नाही.” नाहीतर, “काल रात्रीपासून पोटात काही नाही? मग रस्स्याच्या वाटेला जाऊ नका, पोट बंड करेल. घड्याळवाल्याच्या शेजारी सूप नि पाव मिळतो. पहिला पाव सावकाश खा, दुसरा तो स्वतःच आणून देईल.” म्हाताऱ्यांना ती जिना नसलेलं हॉटेल सांगायची. वीस मिनिटांत बस असलेल्याला सांगायची, “उभ्यानं दोन उकडलेली अंडी खा आणि गप बसमध्ये जाऊन बसा. मेजवानी गावाला गेल्यावर.”

आणि पुरुष यायचे, इकडेतिकडे बघत, आवाज खाली आणून. “ताई, म्हणजे… जरा बसायला कुठं…” तिलाही कळायचं आणि त्यांनाही कळायचं की तिला कळलंय. “प्यायला ना? मग तसं म्हणा. मी काय तुमची सासू आहे?” आणि मग ती तेही सांगायची. स्वतः लिंबूसोड्यापलीकडे कधी गेली नाही, पण कोणत्या बारमध्ये ग्लास वाहत्या पाण्याखाली धुतात आणि कोणत्या बारमध्ये एकाच बादलीत बुचकळतात, हे तिला पाठ होतं.

ते कसं, तर हीच या बाईची खरी करामत. स्वतः गेल्याशिवाय ती कुठल्याच जागेचं नाव सांगत नसे. आणि जायची ती जेवणाच्या वेळेला नव्हे. तिची सुट्टी असायची दुपारी तीन ते साडेचार. बरोब्बर साडेतीनला ती हॉटेलात शिरायची. दुपारची गर्दी ओसरलेली, खुर्च्या उलट्या टाकून फरशी पुसणं चाललेलं, आणि त्या हॉटेलची माणसं जेवायला बसलेली. तिला तेच बघायचं असायचं. आचारी काय खातो, वाढपी काय खातात, गल्ल्यावरचा मालक काय खातो. गिऱ्हाइकाला वाढलेल्या पातेल्यातलंच ही माणसं खात असतील तर जागा चांगली. घरून डबे आणत असतील, नाहीतर समोरच्या गाडीवरून पाव मागवत असतील, तर त्या जागेवर काट. गिऱ्हाइकाला फसवता येतं, पण दिवसभर त्या भटारखान्यात उभा असलेला माणूस स्वतःच्या पोटाला फसवत नाही, असं तिचं म्हणणं. चोवीस वर्षांत तिला खोटं पाडणारं कुणी भेटलं नव्हतं.

नावं एका वहीत असायची. लिहायची पेन्सिलीनं, आणि वहीच्या दोरीला खोडरबर बांधलेलं. कारण आचारी बदलतो, मालकाचा मुलगा गल्ल्यावर येतो, आणि चांगली जागा महिनाभरात नासते. दर सहा महिन्यांनी ती प्रत्येक जागी पुन्हा साडेतीनला जायची. बिघडलं असेल तर खोडायची. एकदा एका बड्या हॉटेलचा मालक गाडीतून उतरून खिडकीशी आला होता, आमचं नाव का सांगत नाही म्हणून. ती म्हणाली, “तुमचा आचारी केळी खाऊन दिवस काढतो. आधी त्याला विचारा.” मालक आला तसा गेला.

आता गंमत अशी, की साऱ्या शहराला जेवायला धाडणाऱ्या या बाईला स्वतःला धड भात शिजवता येत नव्हता. आई गेली तेव्हा ती चौदा वर्षांची होती आणि धाकटा भाऊ पाच वर्षांचा. बाप ट्रकवर, महिन्यातून चार दिवस घरी. चूल हिच्या गळ्यात पडली. भात खालून करपायचा आणि वरून कच्चा राहायचा. भाजीत एकतर मीठ नसायचं, नाहीतर मीठच असायचं. धाकटा ताटावर बसायचा, सगळं संपवायचा आणि म्हणायचा, “ताई, छान झालंय.” रोज. एक दिवस चुकला नाही. तिला कळायचं की पोरगं खोटं बोलतंय. आणि त्या खोट्यासाठी ती त्याच्यावर जीव टाकायची. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, माझ्या हातचं खाणारा एकच होता, तो मीच वाढवला.

तीन वर्षांपूर्वी त्या धाकट्यानं स्टँडसमोरच्या रस्त्यावर हॉटेल काढलं. पहिल्या दिवशी साडेतीनला ती गेली. नियम म्हणजे नियम, भाऊ असला म्हणून काय झालं! बघते तर धाकटा, आचारी, तिघे वाढपी, सगळे एका लांब टेबलाला बसलेले आणि मधोमध मोठं पातेलं. तिलाही ताट मिळालं. भात आणि मासळीचा रस्सा. रस्सा इतका चांगला होता, की दोन घासांनंतर बाईला समोरचं दिसेना. लोकांना वाटलं तिखट लागलं. तिनं पर्समधून वही काढली. पेन्सिल होती, पण हात गेला तो गल्ल्यावरच्या पेनाकडे. निळ्या शाईनं, ठळक अक्षरांत, तिनं भावाच्या हॉटेलचं नाव लिहिलं. वहीतलं पेनानं लिहिलेलं ते एकच नाव.

आणि मग ती साडेतीनला तिथं कधी गेली नाही. रविवारी जायची, दुपारी एकला, बहीण म्हणून. धाकटा स्वतः वाढायचा. रस्सा एका लहान पातेल्यातून यायचा. शहरातल्या झाडून साऱ्या पातेल्यांवर नजर ठेवणाऱ्या बाईला हे लहान पातेलं तीन वर्षं दिसलं नाही. काय म्हणावं या चुकीला? दुसऱ्या कुणाच्या हातून ती घडलीच नसती, कारण दुसरं कुणी इतकं बघतच नाही.

तिसऱ्या वर्षी तिचा पाय मुरगळला. आठ दिवस घरी होती. नवव्या दिवशी लंगडत स्टँडवर आली आणि खिडकीपाशी येऊन खिळून उभी राहिली. खिडकीशेजारच्या भिंतीवर दारभर उंचीचा फलक. वर तिचाच फोटो. धाकट्याच्या लग्नातला, शेजारची माणसं कापून काढलेला, एका खांद्यावर कुणाचा तरी अर्धा हात तसाच राहिलेला. फोटोखाली अक्षरं : ‘चौकशीताईंची पसंती.’ आणि त्याखाली दहा हॉटेलांची नावं. पहिलं नाव भावाचं.

बाकी नऊ नावं तिनं वाचली. त्यातली दोन तिच्या वहीत होती. तीन तिनं कधीकाळी खोडलेली. उरलेल्या चार जागा अशा, की तिथं तिनं आपल्या वैऱ्यालाही पाठवलं नसतं, आणि बादलीत ग्लास बुचकळणारा तो बार फलकावर चौथ्या नंबरला होता.

तळपायाची आग मस्तकाला गेली. लंगडणारा पाय विसरून ती तरातरा मॅनेजरच्या खोलीत गेली. मॅनेजर तरुण होता, नवा होता, आणि त्याच्या टेबलावर काचेचा पेपरवेट होता, तो तिनं उचलला. मारायला नव्हे. हातात काहीतरी हवं होतं.

“माझं तोंड कुणाला विचारून लावलंत तिथं?”

“ताई, बसा आधी. अहो, तुमचाच मान वाढलाय त्यात. लोक तुम्हाला विचारायला रांग लावतात, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकावं.”

“मी सांगितलेलं लिहिलंत? त्या चार नंबरच्या जागेत तुम्ही स्वतः पाणी तरी प्यायलात का?”

“ते… ज्यांनी जाहिरात दिली त्यांची नावं आहेत. स्टँडला पण उत्पन्न लागतं ना.”

“मग तुमचा फोटो लावायचा! मॅनेजरसाहेबांची पसंती म्हणून! तुमच्या आईला, बायकोला जेवायला पाठवा तिथं!”

बाहेर कंडक्टर जमले होते. मॅनेजरचा चेहरा उतरला. मग त्यानं सांगितलं ते ऐकून तिचा हात पेपरवेटसकट खाली आला. “फोटो तुमच्या भावानंच दिला, ताई. म्हणाले, ताईला विचारलंय, ती हो म्हणालीये. कल्पनासुद्धा त्यांचीच.”

संध्याकाळी धाकट्याला तिनं फोन केला. तो हसला. “अगं, तू घरी पडून होतीस, तुला कशाला त्रास द्यायचा म्हटलं. तुझंच नाव मोठं होतंय. आणि आपलं पहिलं आहे की नाही?” ती त्याला खूप बोलली. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं, की आपण त्याला बाकीच्या नऊ नावांसाठी बोलतोय. त्याच्या नावाबद्दल मनात काही आलंच नाही. ते तर तिचंच होतं, निळ्या शाईतलं.

दुसऱ्या दिवशी ती तपकिरी कागद, कात्री आणि चिकटपट्टी घेऊन आली. स्टुलावर चढली. मॅनेजर लांबून बघत होता, पण जवळ यायची छाती झाली नाही. सात नावांवर तिनं कागद डकवला. तीन ठेवली : तिच्या वहीतली दोन, आणि सगळ्यात वर भावाचं. खाली उतरून मागे सरकून बघितलं. आता फलक बरोबर होता. पेपरवाला म्हणाला, “ताई, आता कसं छान दिसतंय. डोळा सरळ वरच्या नावावर जातो.” तिला बरं वाटलं.

त्यानंतर बाराव्या दिवशी सकाळी एक बाई खिडकीशी आली. तिशीची असेल, खांद्यावर दोन पिशव्या, दूरच्या गावातल्या शाळेत शिकवणारी. मागच्या बाकावर तिची आई बसली होती, एका डोळ्यात दुधाळ पांढरं, दुसऱ्यानंही अंधुकच दिसणारी. मास्तरीणबाईंनी काचेवर टकटक केली नाही. शांतपणे गावाचं नाव सांगून विचारलं, “तिकडची पुढची बस किती वाजता आहे?”

“पावणेअकरा. सात नंबर.”

बाई हलली नाही. भिंतीवरच्या फोटोकडे बघत होती, मग खिडकीतल्या बाईकडे. “तुम्हीच ना त्या?”

“मीच. का?”

“आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. परवा. आदल्या दुपारी इथं उतरलो, फलक बघितला आणि जेवायला गेलो. रात्रीपासून दोघींना उलट्या, आईला ताप. डॉक्टर म्हणाले, अशा अवस्थेत डोळ्याला हात लावता येत नाही. पुढची तारीख चार महिन्यांनी दिलीय.” तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर चौकशीताईला सोपं गेलं असतं. “भांडायला नाही आले. आईच म्हणाली, जाऊन सांग, त्या बाईंना माहीत नसेल.”

चौकशीताई उठून उभी राहिली. राग तयारच होता, नेहमीप्रमाणे, दुसऱ्या कुणासाठी तरी. “कागद काढला का कुणी? चार नंबरला गेलात? मी झाकलं होतं ते! कुठं जेवलात?”

“नाही हो. बाकीची झाकलेलीच होती. म्हणून तर पहिल्या नावाला गेलो.”

बाकावरून म्हातारी बोलली, जिकडून आवाज येत होता तिकडे तोंड करून. “मला फोटो दिसत नाही, म्हणून हिला विचारलं, कशी आहे गं बाई दिसायला? ही म्हणाली, रागीट आहे. मी म्हटलं, मग चल. रागीट माणूस गोड बोलून कशाला फसवेल?”

पावणेअकराच्या बसला चौकशीताईनं दोघींना स्वतः नेऊन बसवलं. म्हातारीचा हात धरून पायऱ्या चढवल्या. माफी मागायची राहूनच गेली. तिला रागवायची सवय होती, माफी मागायची नव्हती. बस गेली. तीन वाजेपर्यंत तिनं खिडकीत काय सांगितलं, कुणाला कुठं पाठवलं, तिला आठवत नाही.

साडेतीनला ती भावाच्या हॉटेलवर गेली. पुढच्या दारानं नाही. मागच्या बोळात गेली.

बोळात रिकाम्या क्रेटांवर तिघे वाढपी बसले होते. समोरच्या गाडीवरचे पाव आणि अंडी कागदावर घेऊन खात होते. आचारी भिंतीला टेकून चहात बिस्किटं बुडवत होता. तीन वर्षांत माणसं बदलली होती, आणि रविवारी तिला धाकटाच वाढायचा, म्हणून इथं तिला कुणी ओळखलं नाही.

“इथलं का जेवत नाही रे तुम्ही?” तिनं विचारलं.

पिकल्या मिशांचा एक वाढपी हसला. “इथलं? बाई, कालच्या रस्स्यात आजचा रस्सा कोण ओततो? आम्हीच ना?”

ती आत गेली. धाकटा गल्ल्यावर होता. समोर चार कप्प्यांचा डबा उघडा, भावजयीनं घरून पाठवलेला. बहिणीला बघून त्यानं डब्याचं झाकण लावायला घेतलं. तेवढ्या एका हालचालीनं तिला सगळं कळलं. मग काही विचारायची गरज नव्हती. तोच घाईनं म्हणाला,

“अगं ताई! येतेस म्हणून सांगायचं ना.”

“सांगून मी कधी कुणाकडे गेले? बस. मोठ्या पातेल्यातला रस्सा मागव.”

“तू खाणार? थांब, तुझ्यासाठी ताजा…”

“मी नाही. तू.”

तो उठेना, तेव्हा ती स्वतः भटारखान्यात गेली, मोठ्या पातेल्यातून ताटली भरली आणि आणून त्याच्या पुढ्यात ठेवली. वास आलाच होता. मसाल्याखाली दडवलेला, पण आला होता. “खा,” ती म्हणाली.

“ताई, लोक बघतायत.”

“खा म्हणते ना! दोन बायका हे खाऊन गेल्या. एकीचा डोळा चार महिने तसाच राहणार आहे. माझं तोंड बघून आल्या होत्या. खा!”

त्यानं ताटलीला हात लावला नाही. मग त्याला राग आला. तोही तिनंच वाढवलेला, राग काय कमी असणार? “फ्रीज बिघडला होता मध्यंतरी, चार दिवस. तेव्हाच काहीतरी झालं असेल. सगळ्यांकडे होतं!”

“आणि डबा? तोही चार दिवसच आणतोयस?”

त्यानं डब्याचं झाकण घट्ट बसवलं. मग आवाज खाली आणून, पण दात आवळून बोलला. “दोन वर्षं झाली. ऐकायचंय ना? ऐक. दोन वर्षं. आणि तू मला शिकवू नकोस. लहानपणी तुझ्या हातचं करपलेलं, कच्चं, खारट, काय वाट्टेल ते मी गिळलं. एक शब्द काढला नाही कधी. रोज छान म्हणालो. तू माझ्यासाठी एवढं करू शकत नाहीस? नुसतं गप्प बसायचं होतं तुला.”

चौकशीताईला वाटलं होतं आपण त्याच्या कानाखाली वाजवू. हात वर झालाच नाही. “करपलेलं होतं, खरं आहे,” ती म्हणाली. “पण मीही तेच खात होते रे. शेजारी बसून. त्याच पातेल्यातलं.”

ती बाहेर पडली. धाकटा मागे आला नाही.

खिडकीत परतल्यावर तिनं वही काढली आणि निळ्या नावावर खोडरबर चालवलं. शाई जाईना. घासत राहिली, घासत राहिली, कागद पातळ झाला आणि भोक पडलं. पानामागे दूधवाल्या बाईचं नाव होतं, तेही निम्मं गेलं. मग तिला रडू कोसळलं. बाहेर रांग होती. खिडकीतली रागीट बाई रडतेय हे बघून पहिल्यांदाच कुणी काचेवर टकटक केली नाही.

मॅनेजरला तिनं फलक काढायला सांगितलं. त्यानं कागद पुढे केला, वर्षभराचा करार. वर सांगितलं, की कागद डकवल्याची तक्रार आली आहे. दोन दिवसांत माणसं येऊन तपकिरी कागद ओरबाडून गेली आणि साऱ्या फलकावर काच ठोकून गेली, चारी कोपऱ्यांत स्क्रू. दहाच्या दहा नावं पुन्हा झळकू लागली आणि वर ही, खांद्यावर अर्धा हात घेऊन. तिच्या लक्षात आलं, तो हात धाकट्याचा आहे. भावजयीचा फोन आला. “तुम्ही लोकांना काहीबाही सांगून आमच्या पोटावर पाय देणार असाल, तर आम्हाला बहीण नाही असं समजू.” मागे धाकट्याचा आवाज येत होता. तो तिला थांबवत नव्हता.

“समजा,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग बराच वेळ फोनवरचा हात काढला नाही.

फलकाचं तोंड बंद करता येत नव्हतं, पण तिचं स्वतःचं तोंड शाबूत होतं. दुसऱ्या दिवसापासून तिनं खुर्ची खिडकीबाहेर आणली आणि फलकाखाली मांडली. नियमात बसत नाही, असं मॅनेजर म्हणाला. ती म्हणाली, मग नियम आणून दाखवा. फलकापाशी थांबलेल्या प्रत्येकाला ती हटकायची. चौथ्या नावाबद्दल, सातव्याबद्दल जोरात बोलायची, हातवारे करून, पार सहा नंबरच्या फलाटापर्यंत ऐकू जाईल असं. पहिल्या नावाशी आली की आवाज उतरायचा. पण सांगायची. एकालाही सांगायची राहिली नाही.

एका दुपारी मध्यम वयाचा एक माणूस फलकापाशी थांबला. सोबत बायको आणि झोपाळलेली लहान मुलगी. त्यानं फोटोकडे बघितलं, खालच्या खुर्चीकडे बघितलं आणि हसून म्हणाला, “वा, तुम्ही प्रत्यक्षच आहात! मग काय, पहिल्या नंबरला जाऊ ना?”

“पहिल्या नावाला जाऊ नका,” ती म्हणाली. “ते माझ्या भावाचं आहे.”

“तुमच्या भावाचं? मग तर चांगलंच असणार की!”

“मलाही तसंच वाटलं होतं,” चौकशीताई म्हणाली. तिनं चष्मा काढला आणि मुलीकडे बघत विचारलं, “शेवटचं कधी जेवलात?”